ह्यात गाणारा दिसतो तरी

आमच्या कामाची पहिली शिस्त म्हणजे समोरच्याला ओठ दिसू द्यायचे नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं, श्रवणनसेला विजेचे संकेत देणारं यंत्र) झालेली व्यक्ती ऐकण्याच्या चाचणीला बसली की मी तोंडासमोर विरळ कापडाची चकती धरते आणि आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक करून काढते. कापड मुद्दाम विरळ, कारण तळहात धरला तर ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि चाचणी कानाची झाली की हाताची ते देवच जाणे. (तळहात धरून उरकणारे आमच्यात भरपूर आहेत.) एवढा खटाटोप कशासाठी, तर माणूस ऐकून सांगतोय की बघून, हे कळावं म्हणून.

त्यामुळे मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांटचा करंट त्यांच्या कानाला जुळवून घ्यायला, आलेल्या काकूंनी टेबलावर फोन उभा करून ‘‘हे बघ, मला गाणं आवडायला लागलंय’’ असं जाहीर केलं, तेव्हा मी आधी स्क्रीनकडे पाहिलं. भाचीने दाखवलेलं एक स्पॅनिश प्रेमगीत होतं. गाणारा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, मागे नाचणारी मंडळी, आणि काकू बोटांनी टेबलावर ठेका धरून बसलेल्या.

ह्याच काकूंनी संगीताला हात जोडले होते. त्यांना बहिरेपण मोठेपणी आलं, म्हणजे आयुष्यभराची गाणी डोक्यात पक्की बसलेली. इम्प्लांटनंतर बोलणं उत्तम कळू लागलं, फोनवरही कळू लागलं. पण आवडतं जुनं गाणं लावलं की म्हणायच्या, ‘‘शब्द त्याचेच आहेत गं, गाणं त्याचं नाही.’’

तक्रार शंभर टक्के खरी होती. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३,५०० असतात. त्यांच्या जागी आम्ही देतो कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड, आणि शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडचा करंट एकमेकांत सांडतो तो वेगळाच. आवाजाचा चढउतार कधी आणि किती, हे पोचतं. सुराचा बारीक तपशील वाटेतच गळतो. बोलणं एवढ्यावर निभावतं. सुरावट निभावत नाही. दोन-तीन स्वरांचं अंतर असलं तरी कुठला वरचा हे अनेकांना सांगता येत नाही. ठेका मात्र जवळजवळ तुमच्या-माझ्याइतकाच कळतो. वर प्रोसेसरचं, म्हणजे बाहेर लावायच्या यंत्राचं, नॉइज रिडक्शन. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, एवढंच त्याला शिकवलेलं. तंबोरा त्याच्या लेखी पंख्याची घरघर, की दाबून टाकलाच. म्हणून मी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बांधून देते, त्यात नॉइज रिडक्शन बंद आणि फोनमधलं गाणं थेट प्रोसेसरमध्ये सोडताना (स्ट्रीमिंग) माइकचा वाटा कमी. हे पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता ‘संगीत आता विसरा’ म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

आता ते स्पॅनिश गाणं घ्या. त्याच्याखाली रेगेटॉनचा ठेका होता. आठ मात्रांत तीन-तीन-दोन अशी ठोक्यांची विभागणी, जमैकातून पनामामार्गे पोर्तो रिकोत पोचलेली आणि तिथून जगभर गेलेली. मोजकी वाद्यं, कोरडे स्वच्छ ठोके, आवाज सगळ्यांच्या पुढे. इम्प्लांटला सोसेल असं गाणं बांधायला मला कोणी सांगितलं असतं, तर मीही साधारण असंच बांधलं असतं.

‘‘पण मराठी का नाही? हिंदी का नाही?’’ मी विचारलं.

‘‘ती गाणी मला येतात ना! कानात काहीतरी वेगळंच पडतं आणि जीव कासावीस होतो. हे मी आधी कधी ऐकलेलंच नाही. शिवाय ह्यात काय म्हणाला, कळलं का, असं कोणी विचारत नाही.’’

शेवटचं वाक्य मला लागलं. घरचे, शेजारचे, आम्ही, सगळे ह्या माणसांची सतत परीक्षा घेत असतो. अनोळखी भाषेत त्या परीक्षेचा पेपरच नसतो.

मग काकू म्हणाल्या, ‘‘आणि इथे बघ, इथे त्याचा आवाज वर चढतो.’’ आणि तो खरोखर चढला.

मी चमकले, कारण काकूंच्या स्वरचाचणीचे निकाल माझ्यासमोर होते आणि त्यांत हे बसत नव्हतं. फोन पालथा घातला आणि पुन्हा लावला. ठेका अचूक, आवाज कधी चढला ते मात्र सांगता येईना. मग फोन सुलटा केला आणि आवाज पूर्ण बंद केला. काकू नुसता व्हिडिओ बघत होत्या आणि बरोबर त्या जागी त्यांचं बोट वर गेलं.

म्हणजे बघून! भुवया उचललेल्या, हनुवटी वर, गळ्याची शीर ताणलेली. थॉम्पसन आणि रुसो ह्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की गाणाऱ्याचा आवाज बंद करून नुसता चेहरा दाखवला, तरी त्याने स्वरांत किती मोठी उडी घेतली ह्याचा अंदाज लोकांना येतो. ते लोक ऐकू येणारेच होते. चेहऱ्यावरून सूर वाचणं सगळ्यांनाच थोडंफार येतं, काकूंचा त्यावर भार जास्त.

मात्र हा चेहरा खोटा असतो. म्युझिक व्हिडिओत गायक सेटवर वाजणाऱ्या रेकॉर्डिंगवर ओठ हलवत असतो. स्लो मोशनमधलं दृश्य हवं असेल तर गाणं वेगात वाजवून त्या वेगाने ओठ हलवतात, म्हणजे मग पडद्यावर सगळं जुळतं. ती ताणलेली शीर अभिनयाची. तरी काकूंपर्यंत सूर तिच्यावरूनच पोचला. की गाणं एव्हाना त्यांना पाठ झालं होतं? शंका रास्त होती, म्हणून मी एक न पाहिलेलं कोरियन प्रेमगीत लावलं. त्या प्रकारच्या अनेक व्हिडिओंत नट-नटीची छोटी कथा असते आणि गायक जेमतेम डोकावतो. पाऊस, खिडकी, रडणारी मुलगी. काकू वैतागल्या. ‘‘ह्यात गाणारा कुठाय? मी कोणाकडे बघून ऐकू?’’

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी हे सांगितलं, तर ते चहा संपवत म्हणाले, ‘‘ते ऐकणं नव्हे. बघणं.’’ संपला विषय. हे गृहस्थ हुशार आहेत, पण रकान्यात न बसणारी कुठलीही गोष्ट त्यांना मुळात घडलीच नाही असं वाटतं. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांचा प्रयोग १९७६ चा आहे. कानाला ‘ब’ ऐकवून डोळ्याला ‘ग’ म्हणणारे ओठ दाखवले, तर बऱ्याच जणांना ‘द’ ऐकू येतो. हा प्रयोग ते स्वतः विद्यार्थ्यांना शिकवतात. तिथे मेंदूचं ते ऐकणं, आणि काकूंचं तेवढं बघणं?

तरी त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पुढच्या भेटीला काकू त्याच गायकाच्या जाहीर कार्यक्रमाचा व्हिडिओ घेऊन आल्या. इथे चेहरा खरा, खरोखर गाणारा, मोठ्या पडद्यावर सबंध दिसणारा. नुसतं बघण्यावर भागत असतं, तर हा व्हिडिओ सरस ठरायला हवा होता. काकूंनी पहिल्या कडव्यातच तो बंद केला. ‘‘जीव तोडून गातोय बिचारा, पण माझ्यापर्यंत काही येत नाही.’’ मैदानातले प्रतिध्वनी, हजारो लोकांचं ओरडणं, त्यात ठेक्याच्या कडा विरघळून गेलेल्या. म्हणजे कानही लागतोच. ठोका स्वच्छ आला तरच त्यावर चेहरा काहीतरी उभं करतो, एवढंच मला ह्यातून सध्या काढता येतं. दोहोंतलं कोण किती काम करतं, हे सांगणारी चाचणी माझ्या खोलीत नाही.

अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये शांततेतलं बोलणं, गोंगाटातलं बोलणं आणि फोन, एवढेच रकाने आहेत. ‘इतर’च्या जागेत मी बारीक अक्षरात लिहिलं: स्टुडिओत ध्वनिमुद्रित परभाषेतलं गीत, गायकाचा चेहरा दिसत असताना, आनंदाने ऐकतात. सहकाऱ्यांनी ‘ऐकतात’खाली पेन्सिलने रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं. मी ते खोडलेलं नाही आणि वाक्यही बदललेलं नाही.

काकूंनी मात्र मला कामाला लावलंय. गाणारा सबंध दिसला पाहिजे, मागे गर्दी नको, कॅमेरा सारखा पळायला नको, भाषा कुठलीही चालेल, फक्त त्यांना येणारी नको. पोर्तुगीज दोन सापडलीत. एकात गायकाने काळा चष्मा लावलाय, ते चालेल की नाही ते काकूच सांगतील.