सरकारी काम आणि सहा महिने

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात लोकांचे अर्ज आणि नोटिसा टंकलिखित करण्यात माझी वीस वर्षे गेली, तरी मुदत हुकली ती घरच्याच माणसाची. माझे मामा यंत्रमागावरची दुसरी पाळी संपवून सायकलवरून घरी येत असताना, खणून तसाच सोडलेल्या रस्त्यातल्या खड्ड्यात पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ही गोष्ट श्रावणातली. कागदांची पिशवी घेऊन ते माझ्याकडे आले, तेव्हा फाल्गुन निम्मा सरला होता.

पिशवीत चार अर्ज होते. खड्डा कोणाचा, यावर दोन कार्यालयांची टोलवाटोलवी चालली होती आणि मामा आळीपाळीने दोन्हीकडे अर्ज देत राहिले होते. "मामा, आधी का नाही आलात?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "अरे, सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. म्हणून थांबलो बघ."

कायद्यातही नेमके सहाच महिने आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे, महानगरपालिकेने त्या अधिनियमाखाली केलेल्या कृतीबद्दल किंवा कसुरीबद्दल दावा लावायचा झाल्यास मुख्य कार्यालयात लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर एक महिना थांबावे लागते आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. खड्डा राज्य शासनाच्या खात्याचा निघाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. नुसत्या तक्रारअर्जांनी यातली कोणतीही मुदत थांबत नाही.

"मग उशीर माफ करून घेऊ," असे मामा सहज म्हणाले. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ ची सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही, हे त्यांना पटवताना मलाच वाईट वाटले. हाच अपघात रेल्वेतून पडून झाला असता, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाची मुदत मिळाली असती आणि पुरेसे कारण दाखवून झालेला उशीरही माफ होऊ शकला असता.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि ती निश्चित करण्यासाठी समित्या नेमण्यास सांगितले. आम्ही आता तो मार्ग धरला आहे.

जुन्या चार अर्जांपैकी एकावरच पोच होती आणि तिच्यावर आवक क्रमांक नव्हता. या वेळी तारखेचा शिक्का पुसट उमटला, तेव्हा मामांनी खिडकीपासून न हलता लिपिकाकडून तो दुसऱ्यांदा मारून घेतला.