अपेक्षांचा रकाना

आमच्या वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर शेवटी ‘अपेक्षा’ नावाचा चार ओळींचा रकाना आहे. मुलांकडून तो साधारण असा भरून येतो: सुस्वरूप, गोरी, पदवीधर, नोकरी असल्यास उत्तम, घर सांभाळणारी. मुलींकडून: निर्व्यसनी, पुण्या-मुंबईत स्वतःचा फ्लॅट, पॅकेज पंधराच्या पुढे. ‘शेतकरी नको’ हे आता लिहावंही लागत नाही. सांगलीत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी रविवारी मंडळात बसायला लागले, आणि जुन्या खोडीप्रमाणे मला प्रश्न पडला, की या रकान्याचा आणि प्रत्यक्ष पसंतीचा संबंध किती?

पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे मोजलेलं आहे. २००८ साली त्यांचा निबंध आला. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी आधी विचारलं, जोडीदारात काय हवं? मुलांनी रूपाला जास्त गुण दिले, मुलींनी कमाईच्या शक्यतेला. थोडक्यात, आमचाच फॉर्म. मग त्यांना एकेकासमोर चार-चार मिनिटं बोलायला बसवलं (कांदेपोह्यांपेक्षा वेळ कमी, पण आत्या-मामाही नाहीत). नंतर कोण आवडलं ते विचारलं, तर कागदावरची आवड आणि माणसाची आवड यांचा मेळच बसेना. रूप आणि कमाईबाबतचा मुलामुलींमधला फरकही उरला नाही.

सामंथा जोएल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ मध्ये आणखी पुढे जाऊन अशा भेटींआधी भरून घेतलेली शंभरावर वैशिष्ट्यं कॉम्प्युटरला दिली. कोणाला एकूणच लोक पटकन आवडतात आणि कोण बऱ्याच जणांना आवडतं, एवढं त्याला थोडंफार सांगता आलं. अमक्याला अमकीच का, हे मात्र नाही. छत्तीस गुण मोजणारे गुरुजी आणि शंभर गुण मोजणारं यंत्र दोघं एकाच ठिकाणी अडकले, याचा मला जरा आनंदच झाला.

मिरजेकडची एक मुलगी आठवते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. वडिलांनी फॉर्मवर लाल पेनानं लिहिलेलं, ‘उंची पाच-आठच्या खाली नको’. तिनं होकार दिला तो पाच-पाचच्या मुलाला. कारण विचारलं तर म्हणाली, “मॅडम, त्यानं विचारलं गळीत हंगामात तुम्हाला सुट्टी मिळते का, आणि माझं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलला नाही.” ‘उत्तर संपेपर्यंत ऐकणारा’ असं आजवर एकाही रकान्यात मी वाचलेलं नाही.

मग अपेक्षा फाडूनच टाकाव्यात का? तसं नाही, कारण त्या चार मिनिटांसाठी समोर कोण बसणार हे अपेक्षांवरूनच आधी ठरलेलं असतं, आणि ते मुख्यतः जात ठरवते. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, मैत्रीश घटक आणि जीन लाफॉर्च्यून या अर्थशास्त्रज्ञांनी कोलकात्याच्या ‘आनंदबाजार पत्रिके’तल्या लग्नाच्या जाहिराती घेतल्या आणि त्यांवर आलेल्या पत्रांना घरच्यांनी काय उत्तर दिलं ते तपासलं. २०१३ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की जातीबाहेरचा मुलगा टाळण्यासाठी मुलीकडचे लोक एम.ए. झालेल्याऐवजी अजिबात न शिकलेलाही चालवून घेतील, इतकी ती पसंती जबर आहे. प्रत्यक्षात तशी वेळच येत नाही, कारण प्रत्येक जातीत सगळ्या प्रकारची मुलं-मुली असतात आणि जो तो आपल्यातच शोधतो. जात पाळायला फार काही गमवावं लागत नाही, म्हणून ती टिकते. नुसती सुबत्ता आली की ही सवय आपोआप सुटेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. आमचं मंडळ सर्वजातीय आहे, पाटीवर तसं रंगवलेलंही आहे. पण कॉम्प्युटरवर स्थळं शोधायला घेतली की पहिला पर्याय जात, दुसरा पोटजात.

दर लग्नसराईत एक फॉरवर्ड येतो: ‘संशोधनानं सिद्ध! प्रेमविवाहात प्रेम आटतं, ठरवून केलेल्या लग्नात वाढतं.’ मूळ अभ्यास खरा आहे, उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांचा, जयपूरचा, १९८२ चा. पण जोडपी पन्नास! ती प्रेमाची आणि ठरवलेली अशी विभागली, मग लग्नाच्या वर्षांप्रमाणे पुन्हा विभागली, की एकेका गटात उरतात किती? परीक्षेत माझ्या विद्यार्थ्यानं यावरून ‘सिद्ध’ लिहिलं असतं तर मी गुण कापले असते. २०१२ मध्ये पामेला रेगन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या भारतीय विवाहितांना विचारलं, तर दोन्ही प्रकारांत प्रेम आणि समाधान सारखंच निघालं. तोही अभ्यास लहानच. तो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

मोठा म्हणावा असा जोएल यांचाच २०२० चा: ४३ अभ्यासांतली ११ हजारांवर जोडपी. माणसं स्वतः कशी आहेत यापेक्षा नातं कसं चाललंय यावरून समाधानाचा अंदाज दुपटीनं चांगला येतो. समोरचा आपल्याशी बांधील वाटतो का, आपली कदर करतो का, भांडणं किती आणि शरीरसुख समाधानाचं आहे का, हे त्यातलं वजनदार. शेवटची गोष्ट आमच्या मंडळात उच्चारताच चहा येतो. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे कामजीवनावर मोकळेपणानं लिहिणारं मासिक चालवत होते, कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, आणि त्यांच्याच महाराष्ट्रात लग्न ठरवताना पगाराची स्लिप मागतात पण हा विषय ‘पुढचं पुढे’. पुढे तरी काय, ‘गोड बातमी कधी?’ हा तगादा. कार्नेगी मेलन विद्यापीठात काही जोडप्यांना शरीरसंबंधांची संख्या तीन महिने दुप्पट करायला सांगितलं होतं. ती जोडपी खुलली नाहीतच, उलट इच्छा आणि मजा दोन्ही उतरली. सांगितल्यावरून करण्याचा हा परिणाम असावा, असं संशोधक म्हणतात. सासवांपर्यंत हे कोणीतरी पोचवायला हवं.

मागच्या बैठकीत मी तीन सूचना मांडल्या. पहिली, मुला-मुलीनं तासभर दोघांनीच भेटावं. ती मंजूर झाली, मुलीच्या घराजवळच भेटण्याच्या अटीवर. दुसरी, लग्न ठरल्यावर दोघांनी डॉक्टरांशी एकदा मोकळं बोलावं, त्यावर ‘बघू’. तिसरी, शोधाच्या पहिल्या पानावरून जात काढावी. ती इतिवृत्तात आलेलीच नाही.