तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी काय पाठवू?

"तुमच्या वस्तीतल्या मुलांसाठी काहीतरी पाठवायचे आहे. चेंडू पाठवू, बूट पाठवू की जर्सी?" वंचित वस्त्यांमधील मुलामुलींना फुटबॉल शिकवू लागल्यापासून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की एकदा त्याचे सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे वाटले. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून पूर्वी मी उत्तर देताना संकोचत असे. आता सरळ सांगतो: प्रशिक्षकाचे मानधन पाठवा, आणि निदान तीन वर्षे पाठवा.

एकदा आमच्याकडे बुटांचे चाळीस जोड आले. छायाचित्रे काढून झाली आणि मग लक्षात आले की बहुतेक जोड दोनच मापांचे होते. ज्यांच्या पायांत बसले त्यांनी ते घातले, बाकीची मुले अनवाणीच राहिली. त्याआधी सगळेच अनवाणी खेळत असल्यामुळे कोणाला त्याचे काही वाटत नसे. त्या आठवड्यापासून वाटू लागले. दोन मुले यायची थांबली. तिसऱ्याने बोटे दुमडून लहान मापाचे बूट पंधरा दिवस वापरले, आणि तो लंगडताना दिसला म्हणून मी बूट काढायला लावले, तेव्हा त्याच्या अंगठ्याचे नख काळेनिळे झाले होते. "सर, परत घेणार नाही ना?" एवढेच त्याने विचारले.

साधने नकोत असे माझे म्हणणे नाही. पण मुले साधनांसाठी अडून राहत नाहीत. नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीतील मुले प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून, वर सुतळी आवळून चेंडू तयार करीत. म्हणजे खेळ तेथे होताच. १९८७ मध्ये बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थांच्या पुढाकाराने 'माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन' सुरू झाली आणि या खेळाला व्यवस्था मिळाली. संघाने वस्तीतील कचरा उचलला की त्याचे गुण साखळी स्पर्धेच्या गुणतक्त्यात जमा होऊ लागले. लहानांना शिकवणाऱ्या आणि सामन्यात पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनाही गुण मिळू लागले, व त्या गुणांच्या आधारे शाळेच्या शुल्कासाठी शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली. हे हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणारी माणसे नसती, तर पिशव्यांच्या चेंडूच्या जागी कातडी चेंडू आला असता, एवढाच काय तो फरक पडला असता.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे आहे. कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्याकडून १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि मायदेशी परतल्यावर मेडेलिन शहरात त्याची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच शहरातील हिंसाग्रस्त वस्त्यांमधील तरुणांसाठी युर्गेन ग्रीसबेक यांनी नंतर जो फुटबॉल सुरू केला, त्यात पंचच ठेवला नाही. मुले-मुली एकाच संघात, पहिला गोल मुलीनेच करायचा, सामन्यापूर्वी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे आणि सामन्यानंतर पुन्हा बसून ते पाळले गेले का, याविषयी बोलायचे.

ही पद्धत आम्हीही अवलंबली. पहिला महिना नुसत्या भांडणांत गेला, हे कबूल करतो. मग एका बैठकीत, एरवी गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, "मी आठ वेळा मोकळी होते, पास एकदाच आला." कोणीही वाद घातला नाही, कारण इतर मुलीही मनात मोजत होत्या. त्यानंतर बराच वेळ शांतता होती. ती शांतता स्वतः बोलून न मोडणे, हे त्या क्षणी प्रशिक्षकाचे काम होते, आणि ते शिकायला मला काही वर्षे लागली.

खेळाने मुले आपोआप घडतात, हे मला पटत नाही. त्याच मैदानावर दांडगाई शिकता येते, दुबळ्याला कायम राखीव बसवता येते, आणि मोठ्यांच्या हाती एवढा विश्वास आल्यावर त्याचा गैरफायदाही घेतला जातो. म्हणूनच एक नव्हे, दोन प्रौढ व्यक्ती मैदानावर हव्यात, आणि कोणतेही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहू नये, असा आमचा नियम आहे. दुसऱ्या व्यक्तीलाही मानधन द्यावे लागते. देणगीदारांना हा खर्च नेहमी वायफळ वाटतो.

तीन वर्षांचा आग्रह का, तेही सांगतो. एक उपक्रम अकरा महिन्यांत निधी संपला म्हणून बंद पडलेला मी पाहिला आहे. प्रशिक्षक दुसऱ्या नोकरीला लागला, चेंडू कपाटात राहिले, कपाटाला कुलूप लागले. मुले आणखी आठवडाभर ठरल्या वेळी येऊन कठड्यावर बसत होती. यापूर्वीही मोठी माणसे आपल्याला अशीच सोडून गेली आहेत, हे त्यांतील कित्येकांना आधीच ठाऊक होते. आम्ही त्याला दुजोरा दिला.

एवढे वाचूनही वस्तूच पाठवायची असेल, तर हवा भरण्याचा एक पंप आणि त्याच्या डझनभर सुया पाठवा. सुया फार मोडतात.