आजची सीएमई: पक्षाघात, घड्याळ आणि वजनकाटा

आजची सीएमई (डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाचं सत्र) पक्षाघातावर होती. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे ५ वर्षांतले ३० क्रेडिट पॉइंट भरायचे म्हणून मागच्या रांगेत बसणारेही असतातच, पण दुपारच्या सरावाने त्यांनाही जागं केलं.

पहिला घोळ वेळेचा. गुठळी विरघळवणारं औषध द्यायला मिळणारे ४.५ तास मोजायचे ते पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. पहाटे ६ला उठल्यावर हात उचलेना, तर घड्याळ रात्री १०ला झोपला तिथूनच सुरू (एमआरआयची सोय असेल तर गोष्ट वेगळी). नातेवाईक ‘आत्ताच झालं हो’ म्हणतात. प्रश्न बदला: शेवटचं नीट कधी बोलला?

दुसरा वजनाचा. अल्टेप्लेज (हेच ते गुठळीचं औषध) किलोला ०.९ मिग्रॅ, कमाल ९०. म्हणजे ६० किलोला ५४: त्यातले ५.४ एका मिनिटात बोलस (एकदम शिरेत), उरलेले ४८.६ पंपाने पुढच्या ६० मिनिटांत. वजन अंदाजाने लिहिलं की डोस चुकलाच. व्हायल जोरात हलवायची नाही, फेस येतो, हळूच फिरवायची. बाटली रिकामी झाली तरी नळीत औषध उरतं, ते सलाइनने त्याच वेगाने आत सोडायचं. हे स्लाइडवर क्वचितच असतं!

सीटी स्कॅन औषधाच्या आधीच. बीपी १८५/११०च्या खाली. साखर तर बघायचीच, कारण ती फार उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखं चित्र दिसतं. टेनेक्टेप्लेज या गुठळीच्या दुसऱ्या औषधाने (किलोला ०.२५ मिग्रॅ, कमाल २५, एकच बोलस) पंपाची कटकट मिटते, वजनकाट्याची नाही.