वीस रुपयांचा दाखला

रविवार, रात्री

ऑफिसचा स्वमूल्यमापनाचा फॉर्म उद्या द्यायचाय. बाकीचे रकाने झाले, एकावर अडून बसलेय : ‘वर्षभरात आपल्या कामामुळे कंपनीच्या मूल्यात कोणती भर पडली?’

मी सोलापुरात होटगी रोडवरच्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीचे तक्ते बनवते. दर सोमवारी शाखावार तक्ता साहेबांकडे जातो. दिवाळीत मी रजेवर होते, तेव्हा तो गेलाच नाही. कुणी विचारलं नाही की फोन केला नाही. पगार मात्र पूर्ण आणि वेळेवर. आता काय भर पडली म्हणून लिहू?

आणि काल विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, अक्का आली. पूर्वी आमच्याच गल्लीत राहायची, माझ्या आईच्या वयाची, पण लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणतात. तिची पीएफची पेन्शन थांबलीय, कारण हयातीचा दाखला गेला नाही. केंद्रावर गेली होती, पण अंगठा जुळेना. कसा जुळणार? जन्मभर ओलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक नखानं आत दाबायचं, दोरा गुंडाळायचा. बोटांची टोकं घासून अशी गुळगुळीत झालीत की मशीनला रेषाच सापडत नाहीत. गंमत बघा, ज्या कामाची पेन्शन, त्याच कामानं तिचा पुरावा पुसून टाकलाय.

आता चेहरा दाखवूनही दाखला निघतो. अ‍ॅप टाकली, आधार, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, बँकेचं खातं भरलं. ओटीपी गेला नातवाच्या मोबाईलवर, नातू पुण्यात. त्यानं फोनवर वाचून दाखवला. मग पडद्यावर गोल आला, त्यात तोंड धरून डोळे मिचकवायचे. अक्का पापणी हलवायला तयार नाही.

“अक्का, डोळे मिचकवा.”

“फोटोत डोळं मिटलं तर फोटो खराब होतंय की!”

शेवटी समजावून, हसवून झालं एकदाचं. किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपयेच आहे, पण तिच्या औषधाचा खर्च त्यातूनच निघतो.

ती गेल्यावर पहिला विचार आला तो असा, की ऑफिसात वर्षभरात पडले नसेन एवढी उपयोगी मी या अर्ध्या तासात पडले. हा विचार गोड आहे, म्हणूनच त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. कुठल्या रकान्यात काय मागतात, लाल अक्षरात सूचना आली की न घाबरता आधी ती वाचायची, हे मला त्याच बिनकामाच्या वाटणाऱ्या नोकरीनं शिकवलं. मोबाईलही तिच्याच पगारातला.

पैसा आणि उपयोग यांची सांगड बसत नाही, हे कोडं जुनं आहे. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी तो महाग, असं अ‍ॅडम स्मिथनं 1776 साली लिहून ठेवलं. तो सोलापुरात राहिला असता तर बायकांनी त्याला उत्तर दिलं असतं. उजनी धरण भरलेलं असूनही वर्षानुवर्षं आमच्याकडे नळ काही दिवसांच्या खंडानं येत आलाय. पहिल्या हंड्याची किंमत आणि पिंप भरल्यावर उरलेल्या बादलीची किंमत एक नसते, हे इथल्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं. नळाला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचंही तेच. पाण्याच्या दिवशी त्याला यायला उशीर झाला की अख्खी गल्ली त्याला फोन लावते, एरवी त्याचं नाव कुणी काढत नाही. पगार दोन्ही दिवशी तोच. म्हणजे ‘मी नसले तर कुणाचं किती अडतं’ एवढंच फार तर मोजता येतं, आणि तेही वारानुसार बदलतं.

सासरे कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. गिरणी बंद पडली त्या दिवशी त्यांच्या हातातलं कसब तसूभरही कमी झालं नव्हतं, बाजारात मात्र त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. पुढे कितीतरी वर्षं आसपासचे यंत्रमागवाले माग बिघडला की त्यांना बोलवायचे. ते जायचे, चहा पिऊन परत यायचे. पैशाचं सासूबाई बोलायच्या, ते ऐकल्यासारखं करायचे.

आणि अक्कानं जन्मभर बनवलं काय, तर विडी! ओढणारा खोकतो, वळणारी तंबाखूच्या धुळीत बसते. तिच्या कामानं जगाचं भलं झालं असं तीसुद्धा म्हणणार नाही. पण हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर तिनं दोन पोरं शिकवली. हे कुठल्या खात्यात मांडायचं? मला तरी खातं सापडलेलं नाही.

काल निघताना अक्कानं वीसची नोट काढली. मी नको म्हटलं. तर ती रागावलीच. “फुकट केलीस तर पुढच्या साली कुठल्या तोंडानं येऊ?” म्हणाली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फुकटात मोठी होत होते आणि ती मिंधी. नोट घेतली.

आज दुपारी तिच्या ओळखीच्या दोघी दारात. आधारकार्ड पिशवीत, आणि हातात सुट्टे वीस-वीस.