आज्जीचा इच्चू

शनिवारी दुपारी दोनचा क्लायंट ऐनवेळी आला नाही म्हणून मी दुकानात गेंड्या भुंग्याचं स्केच पूर्ण करत बसले होते. भुंगा खरा होता, पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली मरून पडलेला सापडला होता, डांबर गोळी टाकून डबीत ठेवलाय. नारळवाले त्याला शिव्या घालतात पण त्याचं ते डोक्यावरचं शिंग, पाठीची तपकिरी चकाकी, पायावरचे काटे बघत बसलं की माझा अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

मी कोल्हापुरात टॅटू काढते, अकरा वर्षं झाली. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत दिवड आहे, तिचे ते चौकटी चौकटीचे ठिपके काढायला माझ्या मित्राला चार बैठका लागल्या. माझ्याकडे किडे आणि साप काढून घ्यायला लांबून लोक येतात त्याचं कारण एकच, मी पाय मोजते. मुंगीचे सहाच्या सहा पाय छातीतून निघतात, पोटातून नाही. कोळ्याला आठ, विंचवाला आठ आणि वर दोन चिमटे. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गुंडी असते, पतंगाची मिशी पिसासारखी नाहीतर नुसती दोऱ्यासारखी. नागाचा दहाचा आकडा फण्याच्या मागच्या बाजूला असतो, समोर काढून द्या म्हणणारा मुलगा आला तर मी त्याला फोटो दाखवते, चहा पाजते, पण समोर काढत नाही. काही जण चिडून निघून गेलेत आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही, कारण जो प्राणी आवडतो म्हणून तुम्ही जन्मभर अंगावर घेणार तो निदान तोच प्राणी असावा ना.

तर त्या दिवशी जिना चढून एक मुलगी वर आली, कॉलेजातली, आणि तिच्या मागे भिंतीला हात लावत लावत तिची आज्जी. मला वाटलं मुलीचं काम आहे. पण आज्जीच खुर्चीत बसल्या, पदर सरकवला आणि उजवा हात पुढे केला. म्हणाल्या, "माझा इच्चू अर्धाच ऱ्हायलाय बघ. सापानं खाल्ला. तेवढा पुरा करून दे."

हात मी लाईटखाली घेतला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला जुनं गोंदण, काळ्याचं हिरवट निळं झालेलं, कडा पसरलेल्या. विंचवाची वळलेली नांगी स्पष्ट होती, अंगाची रेघ होती, डाव्या बाजूचा चिमटा आणि पाय होते. उजवी बाजू नाहीच. तिथून पुढे अंगठ्याच्या मुळापर्यंत दुसऱ्याच कातडीचा तुकडा, मांडीवरून काढून लावलेला. अशी कातडी लावताना तिला बारीक छेद देऊन जाळीसारखी ताणतात म्हणजे थोड्या कातडीत मोठी जखम झाकते, आणि भरून आल्यावर ती जाळी तशीच दिसत राहते. शंकरपाळ्यासारखे चौकोन, एकाला एक लागून. मी बोट फिरवलं तर आज्जी म्हणाल्या, "खवलं आल्यात न्हवं?" खरंच तसंच दिसत होतं.

सहा वर्षांपूर्वी जनावरांसाठी उसाचा पाला काढताना घोणस चावली होती. आज्जी सांगायला लागल्या आणि मी नुसती ऐकत बसले. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला म्हणे, पण बाजूला मोटर चालू होती म्हणून आधी कळलंच नाही, हात पाल्यात गेला आणि मग दिसली, अंगावर साखळीसारख्या गोल टिकल्या. गावातल्या कुणीतरी नाड्यानं हात करकचून बांधला आणि तसाच दोन तास ठेवला. दवाखान्यात नाडा सोडला तेव्हा हात काळानिळा. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही आणि चावल्या जागचं मांसही खातं, त्यात वरून आवळून बांधलं की विष आणि सूज तिथंच कोंडते, हे मला आधी माहिती होतं पण माहिती असणं वेगळं आणि तो हात मांडीवर घेऊन बसणं वेगळं. (बांधू नका, चिरा मारू नका, हात हलवू न देता सरळ दवाखाना गाठा, एवढं तरी प्रत्येक शेतात माहीत पाहिजे.)

"डाक्टरनं काचच्या नळीत रगात घेतलं आणि घड्याळ लावून बसला," आज्जी सांगत होत्या. "वीस मिंटांनी नळी वाकडी केली तर पाण्यावाणी वाहिलं. मग सलाईनीतनं घोड्याचं औषध दिलं." घोड्याचं औषध म्हणजे प्रतिविष, ते घोड्यांच्या रक्तातून तयार करतात, आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही सापांवर एकच चालतं. त्यांचा जीव वाचला, किडनी वाचली, हाताचं मांस मात्र सडलं ते काढावं लागलं आणि त्यासोबत अर्धा विंचू गेला.

मी विचारलं, आज्जी राग नाही येत का सापाचा? त्या माझ्या दिवडीकडे बघत म्हणाल्या, "तिनं काय बोलावलं हुतं मला? मीच तिच्या अंगावर हात घातला."

गोंदण आठव्या नवव्या वर्षी झालेलं, जोतिबाच्या यात्रेत. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, काजळाचा काळा रंग, आईनं डोकं छातीशी दाबून धरलेलं, वरून हळद. विंचू गोंदला की विंचू चावत नाही असं म्हणायचे. आणि दागिने काय, मेल्यावर उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. म्हणूनच तर नातीच्या मागे लागून लागून आल्या होत्या, अर्धा विंचू घेऊन जायचं नव्हतं त्यांना.

मी लगेच हो म्हटलं नाही. वय अडुसष्ट, कातडी आधीच पातळ, त्यात लावलेली कातडी, तिच्यात रंग कुठे धरतो कुठे सुटतो त्याचा नेम नाही. साखर विचारली, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या विचारल्या, नातीला त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला आणि मी स्वतः बोलले. जखम मुरून पाच वर्षांच्या वर झालीत, हरकत नाही म्हणाले. तरी मी आज्जींना सांगितलं की दोनदा यावं लागेल. "ईन की," म्हणाल्या.

मशीन वापरायचं नाही हे मी हात बघतानाच ठरवलं होतं. रंग कातडीच्या वरच्या थराच्या जेमतेम खाली गेला पाहिजे, त्याच्यावर राहिला तर खपलीसोबत निघतो, खाली गेला तर शाई फुटल्यासारखा पसरतो, आणि ह्या जाळीत प्रत्येक चौकोनाची जाडी वेगळी. हातानं टोचलं की बोटाला कळतं. शिवाय मूळ काम हाताचंच होतं. कोरा काळा रंग जुन्या हिरवटाशेजारी डांबरासारखा दिसला असता म्हणून मी तो पातळ करत करत माझ्याच पोटरीवर दोन ठिपके मारून बघितले आणि मग ठरवला.

आता स्केच. ट्रेसिंग पेपर ठेवून डावी बाजू उतरवून घेतली की ती उलटी करून उजवीकडे टाकायची, सोपं काम. उतरवताना मी सवयीनं पाय मोजले. तीन. परत मोजले. डाव्या बाजूला तीनच पाय, चौथा पुसला गेलाय म्हणावं तर तिथं कातडी चांगली होती, भिंगातून बघितलं, ठिपक्याचा मागमूस नाही. गोंदणाऱ्या बाईनं मुळातच तीन काढले होते.

मी म्हटलं, आज्जी, विंचवाला एका बाजूला चार पाय असतात. मी इकडे चार काढते आणि तुमच्या त्या बाजूलाही एक वाढवून देते, कळणार पण नाही.

आज्जींनी हात मागे घेतला. "न्हाई. माझ्या इच्चूला सा पाय हुते."

मी सांगायचा प्रयत्न केला. मोबाईलवर फोटोसुद्धा दाखवला, लाल विंचू, पाठीवर पिल्लं घेऊन चाललेली मादी. त्यांनी तो फोटो नीट बघितला, कौतुक केलं, पिल्लं मोजायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "आगं त्यो रानातला. ह्यो माझा हाय. साठ वर्सं मोजतीया मी ह्याचं पाय. कांजण्या आल्या तवा मोजलं, बाळतपणात कळा यायच्या तवा मोजलं. सा."

नात गप्प. मी पण गप्प. अकरा वर्षांत मी एकाही प्राण्याचा पाय खोटा काढला नव्हता.

तीन काढले.

पावणेतीन तास लागले. लावलेल्या कातडीवर त्यांना फारसं दुखत नव्हतं, तिथली जाणीव कमी झालेली असते, पण जुन्या नव्या कातडीच्या शिवेवर सुई गेली की त्या ओठ मुडपायच्या. चिमटा काढताना मी जाळीचे चौकोन वापरून घेतले, एकेका चौकोनाच्या मधोमध ठिपका, त्यामुळे रेघ सरळ यायच्या ऐवजी किंचित हिंदकळत आली आणि जुन्या बाजूची रेघही तशीच हिंदकळती होती, ते जमून गेलं. शेवटी त्यांनी हळद मागितली. हळद लावू नका म्हटलं, मलम दिलं, झाकलं. झाकायच्या आधी त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं, न टेकवता, वरून एकेक पाय मोजला. सहाला थांबल्या आणि नातीला म्हणाल्या, "चल, यष्टी चुकंल."

दीड महिन्यानं परत आल्या. अंदाज होता तसंच, शिवेजवळच्या एका पायाचा रंग निम्मा सुटला होता, बाकी चांगलं धरलं होतं. वीस मिनिटांत तेवढं भरलं. मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. "तुला आवडत्यात म्हणून आणलीया. बांधावर घावली. घोणशीची कात हाय, शेतात कुणी पाय टाकंना झालंय."

मी कात टेबलावर उलगडली, टेबल संपलं तरी ती खाली लोंबत होती. घोणशीच्या पाठीवरच्या खवल्यांवर मधोमध उभी धार असते, नखाला खरखर लागते. मी मानेपासून नख फिरवत नेलं, गुळगुळीत. खवली मोठी, आणि लांबी टेपनं मोजली तर सात फुटांच्या वर. कात ताणली जाते हे धरलं तरी घोणस एवढी होत नाही. आज्जींचं बोट धरून मी त्या खवल्यांवरून फिरवलं आणि धार कुठं असायला हवी होती ते दाखवलं, कागदावर दोन्ही खवली काढून दिली, शेजारी शेजारी. धामण आहे म्हटलं, विष नाही, उंदीर खाते.

त्यांनी परत एकदा स्वतःच्या नखानं बघितलं. मग कात तशीच गुंडाळून पिशवीत ठेवली, कागद घडी करून चोळीत. "मग ऱ्हाऊ दे तिला," म्हणाल्या. "उंदरांनी लई ऊस खाल्लाय ह्या वर्साला."