सँडीचं झाड आणि वास्तववाद: तुम्ही विचारलंत म्हणून

‘चार्ल्स चेस्नटच्या कथांत माणसाचं झाड होतं, द्राक्षवेलींवर चेटूक होतं. मग हॉवेल्सच्या शेजारी, वास्तववादाच्या यादीत त्याला कसं बसवता?’ हा प्रश्न वर्गात येतो, व्याख्यान संपल्यावर येतो, आणि विचारणाऱ्याला आपण चूक पकडली अशी खात्री असते. चेस्नट हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आफ्रिकी-अमेरिकी कथाकार, हॉवेल्स हा अमेरिकी वास्तववादाचा पुरस्कर्ता लेखक-समीक्षक. हॉवेल्सने वास्तववादाची व्याख्या ‘सामग्रीची सत्याला धरून हाताळणी’ एवढीच केली होती. चेटूक खोटं, म्हणून चेस्नट बाद. प्रादेशिक रंग, बोलीची लज्जत, लोककथा असं म्हणा आणि मोकळे व्हा. मला तसं मोकळं होता येत नाही.

‘पो सँडी’ ही कथा बारकाईने बघू या. ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकी मासिकाच्या मे १८८८च्या अंकात ती आली. सँडी हा उत्तर कॅरोलायनातला गुलाम, आणि कामाला इतका चांगला की मालकाची वेगळी बिऱ्हाडं केलेली मुलं त्याला आळीपाळीने मागून नेतात. असाच तो बाहेर असताना गुलामांचा एक व्यापारी येतो. मालक सँडीची बायको देऊन बदल्यात दुसरी बाई घेतो, आणि व्यापाऱ्याकडून वर रोख रक्कमही. सँडी परतल्यावर मालक त्याच्या हातावर एक डॉलर ठेवतो आणि म्हणतो, संसार मोडला याचं वाईट वाटतं, पण दिवस कठीण आहेत. बदल्यात आलेल्या त्या बाईचं नाव टेनी. पुढे तिचं आणि सँडीचं जमतं, आणि पुन्हा त्याला कुठेतरी पाठवायचं ठरतं. तो वैतागून म्हणतो, मला एका जागी राहायचंय. टेनीला चेटकाची जुनी विद्या येत असते. ती त्याचं झाड करते.

इथपर्यंत तुमचा आक्षेप मान्य. आता पुढे बघा. दिवसा झाड, रात्री माणूस. एका रात्री सँडीच्या हातावर व्रण दिसतो, कारण सुतारपक्ष्याने खोडाला भोक पाडलेलं असतं. नंतर पाय सोललेला दिसतो. त्या भागात टर्पेंटाइनचा मोठा धंदा होता: पाइनच्या बुंध्यात कुऱ्हाडीने खोबण पाडायची, वरची साल तासत जायची, म्हणजे राळ झिरपून खोबणीत साठते. कुणीतरी सँडीला तसं तासलेलं असतं. दोघं पळून जायचं ठरवतात, पण त्याच सुमारास टेनीला मालकाच्या आजारी सुनेच्या शुश्रूषेला धाडलं जातं. ती नसताना मालकाला नवं स्वयंपाकघर हवं होतं, आणि लाकडासाठी नेमकं तेच झाड तोडलं जातं. टेनी परत येते तेव्हा बुंधा उरलेला असतो आणि त्यातून चीक गळत असतो. ती गिरणीकडे धावते. ओंडका करवतीखाली चाललेला असतो. लोक तिला वेडी समजून खांबाला बांधतात, आणि तिच्या डोळ्यांसमोर सँडीच्या फळ्या पडतात.

यात चेटकाचा भाग केवढा? एक रूपांतर. बाकी सगळा व्यवहार आहे: उसना दिलेला माणूस, अदलाबदल, वरची रक्कम, राळ, इमारती लाकूड. आणि रूपांतराने बदललं काय? सँडी झाड झाला तरी मालकी हलली नाही. माणूसही मालकाच्या मालमत्तेत, जमिनीवरचं झाडही मालकाच्या मालमत्तेत. एका रकान्यातून तो दुसऱ्या रकान्यात गेला, एवढंच. कायद्याने माणसाला वस्तू केलं होतं, आणि चेस्नट त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊन ते गिरणीपर्यंत नेतो. चेस्नटच्याच ‘गूफर्ड ग्रेपव्हाइन’ (चेटूक केलेली द्राक्षवेल) या कथेतला गुलाम हेन्री वेलींबरोबर वसंतात तरतरीत होतो, हिवाळ्यात सुकतो, मालक त्याला वसंतात १५०० डॉलरला विकतो, सुकल्यावर स्वस्तात परत घेतो, आणि हे वर्षानुवर्षं करतो. तिथेही चेटूक किंमत ठरवतं.

पूर्वी माझं उत्तर सोपं असे: चेटूक हे वेष्टण, ते काढा, आत वास्तव आहे. आज ते उत्तर मला देववत नाही, कारण वेष्टण काढून वाचणारा माणूस चेस्नटने कथेतच बसवला आहे. या कथांचा निवेदक, एके काळचा गुलाम असलेला म्हातारा ज्युलियस ही हकिगत ज्यांना सांगतो, त्यांतला जॉन हा ओहायोहून आलेला द्राक्षबागाईतदार. ऐकून झाल्यावर त्याची बायको ॲनी म्हणते, कसली ती व्यवस्था, जिच्यात असं होऊ शकत होतं! जॉन चकित होतो: माणसाचं झाड होणं तुला खरं वाटतं की काय? ती म्हणते, छे, ते नाही. आणि पुटपुटते, बिचारी टेनी. जॉनचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकच आहे, हे मी रागाने सांगत नाही. ॲनी काय ऐकते तेवढं बघा, इतकंच.

आता माझ्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी, कारण त्या लपवून हे उत्तर टिकणार नाही. १८८९मध्येच चेस्नटने एका पत्रात लिहिलं होतं की हा म्हातारा निवेदक आता पुरे, त्याची बोलीही बरीचशी सोडणार. तरी याच निवेदकाच्या चेटूककथांचा संग्रह ‘द कॉन्जर वूमन’ १८९९मध्ये निघाला, कारण प्रकाशकांना चेटकाच्याच आणखी कथा हव्या होत्या. म्हणजे मी ज्याला त्याची पद्धत म्हणते, त्यात बाजाराचा वाटा किती? बोलीचं लिखाणही एकतर्फी आहे: ज्युलियसचा उच्चार अक्षराअक्षरात मोडून दाखवला जातो, जॉनचा कधीच नाही. आणि उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये १८९८ साली गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांवर केलेल्या हिंसेवर चेस्नटने चेटकाशिवाय सरळ कादंबरी लिहिली, तेव्हा त्याच्या कथांचं कौतुक केलेल्या हॉवेल्सनेच ती ‘कडू, कडू’ ठरवली. या कडवटपणाला इतिहासात कारण आहे हे त्याने मान्य केलं, तरीही.

सगळ्यात अडचणीची कथा ‘डेव्हज नेकलिस’. ऑक्टोबर १८८९ची, त्याच मासिकातली, निवेदक ज्युलियसच. चोरीचा खोटा आळ आलेल्या डेव्हच्या गळ्यात मुकादम साखळीने हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, अडकवतो. काही काळाने डेव्हला आपणच हॅम आहोत असं वाटू लागतं, आणि शेवटी तो मांसाला धुरी देण्याच्या धुरीघरात विस्तवावर स्वतःला टांगून घेतो. यात चेटूक मुळीच नाही. १८९९च्या संग्रहात ही कथा घेतली गेली नाही. माणसाची वस्तू होणं दाखवायला चेटूक लागतं असं माझ्या वरच्या उत्तरातून निघतं, आणि इथे ते चेटकाशिवाय, अधिक भीषणपणे घडलेलं आहे. याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.